सुभेदारांची पेटी

बसा रे, भांडू नका. चैतन्य, तो तबला खाली ठेव आधी. मघापासून ऐकतोय मी. अपूर्वा म्हणते एकेक तान घोटून घेऊ, कुठं काय येणार ते ठरवून टाकू. तू म्हणतोस, यार काका, स्टेजवर सुचेल ते गाऊ, रिहर्सल कशाला. उद्या कोजागिरी, रात्रीचे दहा वाजून गेले, आणि गाणं बाजूला राहून तुमचं हेच चाललंय. दोघंही निम्मे निम्मे बरोबर आहात, म्हणून तर मिटत नाही.

त्यापेक्षा गुणवंतचं काय झालं ते ऐका. ती ट्यूबलाइट बंद करा, डोळ्यांवर येते. कोपऱ्यातला दिवा पुरे. हां. आणि अपूर्वा, त्या खोळ घातलेल्या पेटीला टेकून बसू नकोस बाई. का ते कळेल पुढं.

गेल्या वर्षी कोजागिरी सोळा ऑक्टोबरला होती. तिची आदली रात्र, मंगळवार. काम अगदी साधं होतं. मंडळाच्या पेटीचे दोन सूर बसले होते आणि दुरुस्तीवाला दिवाळीपर्यंत वेळ नाही म्हणाला. मी गुणवंतला ऑफिसात फोन केला. म्हटलं, "घरी जाता जाता लक्ष्मीबाई नगरला सुकन्याकडे थांब. तिच्या बाबांची पेटी पडून आहे, ती घेऊन ये. मी बोललोय तिच्याशी."

तो म्हणाला, "दुसरी कुठली नाही मिळणार?"

"आत्ता? बिल्कुल नाही."

"अच्छा. चलो, आणतो."

गुणवंतला तुम्ही ओळखता. तुमच्या सतरंज्या घालतो तो, तोच. पण तेव्हा तो सतरंज्या घालत नव्हता, तेव्हा सतरंजी त्याच्यासाठी घातली जायची. इथंच दिल्लीत, केंद्राच्या मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर, आर. के. पुरमला क्वार्टर, आणि गळा असा की गणपतीत कुठल्याही मंडळाला पहिला तोच आठवायचा. नाव कशासाठी होतं, तर उपजेसाठी. म्हणजे जागच्या जागी सुचण्यासाठी. गाता गाता मधेच थबकायचा, डोळे मिटायचा, जणू वरून काही येतंय, आणि मग अशी काही जागा, म्हणजे सुरांचं वळण, घ्यायचा की लोक मांड्यांवर थापा मारायचे. "बघा, आत्ता सुचलं!"

आत्ता बित्ता काही सुचलेलं नसायचं. सगळं घरी बसवलेलं. ते थबकणंसुद्धा. मोबाइलवर तानपुरा लावून महिना महिना घोटायचा. हेरंब तबल्यावर असायचा, त्याला सगळं माहीत, कारण समेवर दोघांना बरोबर यावं लागतं. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं सगळे एकत्र येऊन टेकतात. तू मान नको हलवूस चैतन्य, तुला माहीत आहे, पण मागं बसलेल्यांना सांगतोय.

आता तयारी करण्यात लाज कसली? मी तर म्हणतो तयारी हवीच. पण गुणवंतनं एक गोष्ट केली होती. पेटीवाल्याला त्यानं कधीच काही सांगितलं नाही. हेरंबनं विचारलं, "सुभेदारांना पण सांगून ठेवू या का?" तर म्हणाला, "नको. त्यांची दाद खरी हवी."

पेटीवर असायचे सुभेदार मारुतराव. साताऱ्याकडचे. पलटणीच्या मंदिरात भजनाला पेटी वाजवत वाजवत शिकलेले. रिटायर झाल्यावर मुलीकडे राहायचे, सुकन्याकडे. गुणवंतनं जागा घेतली की हा माणूस लहान पोरासारखा खुलायचा. "वा साहेब! वा!" डोळ्यांत पाणी. लोक आधी त्यांच्याकडं बघायचे आणि मग टाळ्या वाजवायचे. तो खरा आनंद गुणवंतच्या तयारीतला एक भाग होता, समजलं? चटणीत लसूण घालावा तसा तो त्यानं मोजून घातलेला होता. आणि सुभेदारांना वाटायचं, आपण काहीतरी जन्माला येताना बघतोय.

दोन हजार तेवीसच्या गणपतीत बागेश्री राग चालला होता. गुणवंत थबकला, डोळे मिटले, ठरलेली जागा घेतली. आणि सुभेदारांना राहवेना. त्यांनी पेटीवर उत्तर दिलं. छोटीशीच जागा. वर गेली, वळली, आणि धैवतावर, म्हणजे 'ध'वर, येऊन थांबली. जिना चढताना पाय उचलावा आणि पुढच्या पायरीवर टेकू नये, तशी. म्हणजे, साहेब, आता तुम्ही टेका.

मांडवात गाण्यातलं ज्याला ओ की ठो कळत नाही, त्यालाही कळलं की काहीतरी सुंदर झालंय.

आणि गुणवंतकडे उत्तर नव्हतं. ते बसवलेलं नव्हतं ना. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. सम येऊन निघून गेली. हेरंबनं बिचाऱ्यानं ठेका धरून ठेवला. मग गुणवंत पेटीकडं वळला आणि लोकांकडं बघून हसला. म्हणाला, "ऑर्डर दिली नाही अजून, आणि सुभेदारसाहेब निघाले पुढे!"

सगळा मांडव हसला.

सुभेदारांनी हात जोडले. "माफी असावी साहेब." आणि पुढचा तासभर त्यांनी फक्त षड्ज धरला. एक बोट, एक सूर. नंतर गाडीपर्यंत मागं मागं आले आणि पुन्हा माफी मागितली. गुणवंत काय म्हणाला, तर "होतं असं."

त्यानंतर त्यांनी पेटी वाजवली नाही. पुढच्या होळीच्या आधी गेले. झोपेतच.

तर आता त्या मंगळवारी या. साडेआठच्या सुमारास गुणवंत लक्ष्मीबाई नगरला पोचला. ऑक्टोबरात तिथं सातवीण फुलते. वास इतका की डोकं दुखावं, त्यात धूर. सुकन्यानं चहा केला. पेटी तिनं पुसून, खोळ घालून दाराशी ठेवली होती. म्हणाली, "बाबा गेल्यापासून उघडली नाही. त्याच्या आधीपासूनच खरं तर."

त्यानं कप खाली ठेवला, उठला. ती म्हणाली, "काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार ना."

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, साहेबांचा रंगलेला राग मी मोडला. तापात सुद्धा तेच. मला गाण्यातलं कळत नाही. तुम्ही खरं सांगा. इतकं चुकलं होतं का हो त्यांचं?"

दोन शब्दांचं काम होतं रे. "नाही, सुकन्या." बस. घरात तिसरं कुणी नव्हतं.

गुणवंत म्हणाला, "अगं, होतं असं कधी कधी. जाऊ दे आता."

ती म्हणाली, "हो." आणि पेटी उचलायला हात लावला.

गाडीत त्यानं पेटी शेजारच्या सीटवर ठेवली. निघाला तर सीटबेल्टचा गजर सुरू. टिंग, टिंग, टिंग. माणूस बसलाय असं गाडीला वाटतं ना. त्यानं बेल्ट ओढून पेटीला लावला. गजर थांबला. भिकाजी कामाच्या सिग्नलला लाल दिवा लागला, तेव्हा त्याला ते बघवेना. बेल्ट लावून शेजारी बसलेली पेटी. त्यानं बेल्ट काढला, पेटी उचलून मागच्या सीटवर टाकली.

सिग्नल सुटला. गाडी निघाली.

टिंग. टिंग. टिंग.

शेजारची सीट रिकामी होती. त्यानं हात फिरवून बघितला. फाइल नाही, मोबाइल नाही, काही नाही. टिंग, टिंग. मागचे हॉर्न वाजवत होते. शेवटी त्यानं रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि लावला.

थांबला गजर.

घरापर्यंत त्यानं डावीकडं बघितलं नाही, म्हणाला. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, कधी ते पुढं येतंच.

बायको लेकीकडे पुण्याला गेलेली. घरात एकटा. पेटी त्यानं हॉलमध्ये कोपऱ्यात ठेवली. भात्याची कडी लावलेली आहे हे बघितलं, वरून खोळ ओढली. जेवला. सेन्सरच खराब असणार गाडीचा, असं स्वतःला दोनदा सांगितलं. आणि साडेअकराला मोबाइलवर तानपुरा लावून उद्याचं घोटायला बसला. उद्या पुन्हा बागेश्रीच होता. तेच थबकणं, तीच जागा. लोक वर्षभरात विसरतात.

आलाप झाला. बंदिश झाली. थबकायची जागा आली. थबकला. डोळे मिटले. जागा घेतली.

आणि कोपऱ्यातून पेटी वाजली.

तीच जागा... वर गेली, वळली... धैवतावर थांबली.

त्याला वाटलं, मोबाइल. त्यानं तानपुरा बंद केला.

धैवत चालूच होता.

मग थांबला. पण तसा नाही... संपला म्हणून नाही. वाट बघत थांबला. तुम्ही बोलता बोलता गप्प होता आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघता, तसं.

गुणवंतनं काय केलं असेल? गायला! घाबरलेला माणूस जे येतं तेच करतो. बसवलेली एक तान फेकली. लागली नाही. दुसरी. लागली नाही. महिन्याभराची तयारी, एकामागून एक. एकही त्या पायरीवर टेकेना.

पेटी पुन्हा वाजली. तेवढीच.

थांबली.

"सुभेदारसाहेब?"

...

तो उठला. खोळ काढली. कडी लावलेली. भाता बंद. झाकण उघडलं, तर आतल्या पट्ट्यांवरची धूळसुद्धा हललेली नाही.

तो खाली बसला. तसाच, फरशीवर. म्हणाला, "चूक माझी होती."

...

"उद्या सांगतो. सगळ्यांसमोर. सुकन्यासमोर."

पेटी गप्प राहिली. त्याला वाटलं, मिटलं.

आता पुढचं ऐका, कारण भुतापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं. तो उठला, तोंड धुतलं, आणि आरशासमोर उभा राहून माफी बसवायला लागला. खोटं नाही सांगत. कुठं थांबायचं, कुठं आवाज जड करायचा, चष्मा कोणत्या वाक्याला काढायचा. चांगली करायची होती हो त्याला माफी, मनापासून करायची होती. पण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. पहाटेपर्यंत घोटली. झकास बसली.

दुसऱ्या दिवशी कोजागिरी. आपल्याच मागच्या लॉनवर. पातेल्यात दूध आटत होतं, चंद्र धुरामुळं पिवळट. गुणवंत म्हणाला, पेटी कुणी वाजवू नका, नुसती माझ्या बाजूला ठेवा. ठेवली. खोळ घालून. सुकन्याला मुद्दाम फोन करून बोलावलं होतं त्यानं, ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

गाण्याआधी त्यानं माईक हातात घेतला. "कलाकाराचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचा अहंकार." थांबला. "आज या पेटीमागं कुणी बसलेलं नाही." चष्मा काढला. "एका मोठ्या कलावंताचं मन याच मंडळात, माझ्याकडून दुखावलं गेलं..." बायका पदरानं डोळे टिपायला लागल्या. मीही रुमाल काढला. सगळं होतं त्यात. गुरू, रसिक, क्षमा, चांदणं. फक्त त्या दिवशी नेमकं काय झालं, ते नव्हतं.

शेवटचं वाक्य झालं, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वा! क्या बात है!"

आणि टाळ्या. माफीला टाळ्या! अख्खं लॉन टाळ्या वाजवत होतं.

गुणवंतचा चेहरा खुलला. दाद मिळाली की खुलायचा ना, तसाच. क्षणभरच. मग त्याचं त्यालाच कळलं बहुतेक, आपला चेहरा कसा झालाय ते. त्यानं सुकन्याकडं बघितलं. तिचे हात मांडीवर होते.

मी समोरच उभा होतो. माणूस लाजेनं मरतो म्हणतात, ते मी बघितलं.

टाळ्या थांबल्या.

आणि पेटी वाजली.

खोळीतून. दबका आवाज... पण सगळ्यांनी ऐकला. वर गेली... वळली...

धैवत.

हेरंबचे हात तबल्यावर वरच्या वर राहिले. दुधात डाव फिरवणारी बाई थांबली. कुणी कुणाकडं बघेना.

वाट बघणं चालू होतं.

गुणवंतच्या हातातून माईक खाली गेला. ओठ हलत होते. एकदा वाटलं गाईल. नाही गायला. मग बोलला. माईकशिवाय, त्यामुळं मागच्यांना ऐकूही गेलं नाही.

"सुकन्या... तुझ्या बाबांचं... बरोबर होतं. मला... मला येत नव्हतं."

बस, एवढंच. आवाज फाटलेला, वाक्य मोडलेलं.

या वेळी टाळी वाजली नाही.

सुकन्या उठली. आम्हाला वाटलं पुढं येईल, काही बोलेल. ती पेटीपाशी आली, खोळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही आता इथंच राहू दे. मला घरी नको." गुणवंतकडं तिनं बघितलं नाही. दूध न घेता गेली. माफ केलं की नाही, देव जाणे. मी तिला अजून विचारलेलं नाही, माझं धाडस होत नाही.

त्या रात्री लॉन रिकामं झाल्यावर गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून गुणवंतनं मला सगळं सांगितलं. गाडीचं, आरशाचं, चहाचं. चहाचं सांगताना रडला. म्हणाला, "घरात तिसरं कुणी नव्हतं रे, तेव्हा म्हणायला हवं होतं."

त्यानंतर तो स्टेजवर गायला नाही. पण दर मंगळवारी ऑफिसातून थेट इथं येतो. तुम्हाला वाटतं सतरंज्या झटकायला. सतरंज्या नंतर. आधी या पेटीसमोर बसतो. एक पट्टी दाबतो. ऐकतो. पुढचं शोधतो. कधी एखादा सूर गुणगुणतो, मान हलवतो, सोडून देतो. तयारी करून येत नाही, म्हणाला. अजून सापडलेलं नाही.

आता खोळ काढ, चैतन्य. घाबरतोस काय, लाकूडच आहे. कडी बघ. लावलेली आहे? ओढून बघ. घट्ट आहे ना. वर्षभर ती कडी कुणी काढलेली नाही, भाता हललेला नाही. दुरुस्तीवाल्यालाही दाखवली. तो म्हणाला, "भाई साहब, इसमें हवा ही नहीं है।"

अपूर्वा, तू दाब. कुठलीही पट्टी. बघ, नुसती खट् वाजते. शेजारची? तीही नाही. भात्याशिवाय सूर कुठून येणार! आता ती... नाही, त्याच्या पुढची. हां, ती. धैवत. हलकेच दाब.

...

ऐकलंत?

...

ऐकलंत ना. पुरे. पुरे झालं आता. सोड ती पट्टी, अपूर्वा.

अगं, बोट उचल ना, अजून वाजतंय.

...

उचललंयस?